माणसांत रमलेली आजी

'चीनी कम'मधली अमिताभ बच्चनची आई आठवते का तुम्हाला? चौसष्टीला आलेल्या आपल्या अविवाहित मुलाला येता-जाता टोमणे मारणारी, मिश्कील डोळ्यांची म्हातारी? किंवा 'हम दिल दे चुके सनम'मधली ती आजी? 'वीर-झारा'मधली झाराची लाडकी बेबे? या सगळ्या आज्या एकच. झोहरा सेहगल. 'चीनी कम' आला २००७ मध्ये, तेव्हा त्यांचं वय होतं पंच्याण्णव! आपल्याकडे पंच्याण्णवाव्या वर्षी आजीला कुणी नातवाच्या लग्नाला न्यायचं म्हटलं, तरी घरात दोन दिवस चर्चा चालते. आणि या बाई सकाळी उठून शूटिंगला जात होत्या.

त्यांना ओळखणारी बरीच माणसं आदरानं 'झोहराआपा' म्हणायची. आपा म्हणजे थोरली बहीण. १० जुलै २०१४ रोजी दिल्लीत त्या गेल्या, तेव्हा वयाला १०२ वर्षं पूर्ण होऊन गेली होती. त्यांच्याविषयी बोलताना लोक नेहमी वयाचं कौतुक करतात. मला मात्र त्या वयापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटत आलं आहे. शंभरी गाठणं हे एक वेळ नशिबाचं म्हणू. पण शंभरीतही भोवती माणसं असावीत, लोकांनी आपणहून भेटायला यावं, आपल्या बोलण्यावर खोलीभर हशा पिकावा, हे काही नुसत्या नशिबानं होत नाही. महिला मंडळाच्या कामानिमित्त घराघरांत जाताना मी सत्तरी-ऐंशीच्या कितीतरी बायका बघते. घर भरलेलं असतं, खाणंपिणं वेळेवर असतं, औषधांची डबी उशाशी असते. पण आजी एकटी असते. दिवसभरात तिच्याशी बोलणं काय, तर "जेवलात का?" आणि "गोळी घेतली का?" म्हणून झोहराआपांचं आयुष्य मला पुन्हा एकदा उलगडून बघावंसं वाटतं. या बाईंनी हा गोतावळा जमवला कसा?

त्यांचा जन्म २७ एप्रिल १९१२ चा, उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरचा. रामपूरच्या पठाण घराण्यातलं खानदानी मुस्लिम कुटुंब. सात भावंडं. बालपण डेहराडूनजवळच्या चक्राता इथं, डोंगरात गेलं. झोहरा भावंडांत दांडगोबा, झाडांवर चढणारी. तान्हेपणीच काचबिंदूनं डाव्या डोळ्याची दृष्टी अधू झाली. आई लवकर गेली. पण जाण्यापूर्वी मुलींनी लाहोरच्या क्वीन मेरी कॉलेजात शिकावं अशी इच्छा सांगून गेली. तिथं पडदा कडक असे, पण शिक्षण उत्तम. एका आईच्या इच्छेनं मुलींच्या आयुष्याची दिशा कशी बदलते बघा! ती माऊली स्वतः ते बघायला राहिली नाही, पण मुली शिकल्या.

पुढचं तर गोष्टीतल्यासारखं आहे. शिक्षण झाल्यावर लग्नाऐवजी या मुलीनं मामाबरोबर मोटारीनं युरोपची वाट धरली. इराण, पॅलेस्टाइन, सीरिया, इजिप्त असं करत, आणि शेवटी बोटीनं. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेरी विगमान या प्रसिद्ध नर्तकीच्या शाळेत तिनं तीन वर्षं आधुनिक नृत्याचे धडे घेतले. काळ कोणता, तर १९३० च्या दशकाच्या सुरुवातीचा. आपल्या आज्या-पणज्या तेव्हा माजघरातून ओसरीवर येतानाही पदर सारखा करत होत्या.

तिथंच तिनं उदय शंकर यांचं नृत्य पाहिलं, आणि ८ ऑगस्ट १९३५ रोजी ती त्यांच्या चमूत दाखल झाली. मग जपान, इजिप्त, युरोप, अमेरिका असे दौरे. एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं, एकमेकांची आजारपणं काढायची. इथून पुढे झोहराआपांचं सगळं आयुष्य अशा मेळ्यांतच गेलं. उदय शंकरांनी अल्मोड्याला कलाकेंद्र काढलं, तिथं त्या शिकवू लागल्या. तिथंच इंदूरहून आलेला कामेश्वर सेहगल हा तरुण भेटला. वैज्ञानिक, चित्रकार, नाचाची आवड असलेला, वयानं आठ वर्षांनी लहान, धर्मानं वेगळा. घरच्यांचा आधी विरोध झाला, मग मावळला. १४ ऑगस्ट १९४२ रोजी लग्न झालं. समारंभाला पंडित नेहरू येणार होते म्हणे. पण 'छोडो भारत'च्या धामधुमीत त्यांना काही दिवस आधीच अटक झाली होती.

अल्मोड्याचं केंद्र बंद पडल्यावर नवरा-बायकोनं लाहोरला स्वतःची नृत्यसंस्था काढली. पण फाळणीपूर्वीचे ते दिवस. हिंदू नवरा, मुसलमान बायको, वातावरण तापत चाललेलं. तान्ह्या किरणला घेऊन दोघं मुंबईला आली. मांडलेला डाव मोडून पुन्हा शून्यापासून सुरुवात करण्याची ही पहिली वेळ. शेवटची नव्हे.

मुंबईत धाकटी बहीण उझरा आधीपासून पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटरमध्ये होती. १९४५ मध्ये झोहराआपाही तिथं लागल्या. पगार महिना चारशे रुपये. गंमत बघा, उझरा दिसायला देखणी, तिच्याकडे नायिकेच्या भूमिका. थोरलीकडे नृत्याची जबाबदारी आणि मिळतील त्या दुय्यम भूमिका. परदेशात पहिल्या फळीत नाचून आलेल्या बाईला हे किती टोचलं असेल! एकाच घरात दोन जावा किंवा दोन बहिणी असल्या, एकीचं कौतुक झालं की दुसरीच्या पोटात कसं तुटतं, हे आपल्याला काही कुणी सांगायला नको. पण झोहराआपा रुसून बाजूला बसल्या नाहीत. चौदा वर्षं त्या तिथं टिकल्या.

पृथ्वी थिएटर म्हणजे शंभराहून अधिक माणसांचा फिरता संसार होता. 'दीवार', 'पठान', 'गद्दार', 'पैसा' अशी नाटकं घेऊन ही मंडळी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून देशभर हिंडायची. प्रयोग संपला की स्वतः पृथ्वीराज दारात झोळी पसरून उभे राहायचे आणि आपद्ग्रस्तांसाठी पैसे गोळा करायचे. अशा ठिकाणी माणूस आपोआप घडतो. कुणाचं काय दुखतंय, कुणाला कशाचा राग येतो, कुणाला कधी एकटं सोडायचं, हे कळू लागतं. मुंबईतल्या याच काळात झोहराआपांनी हिंदी सिनेमासाठीही नृत्यं बसवली. 'आवारा'मधलं ते गाजलेलं स्वप्नदृश्य आठवा. आणि १९५१ चा 'बाजी'. त्याचा दिग्दर्शक गुरुदत्त, अल्मोड्याच्या केंद्रात शिकून गेलेला विद्यार्थी! जोडलेलं माणूस कधी, कुठल्या वळणावर पुन्हा भेटेल, सांगता येत नाही.

आणि मग १९५९ साल उजाडलं. कामेश्वर यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

झोहराआपा तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. पदरात किरण आणि पवन ही दोन मुलं. पृथ्वी थिएटरही उतरणीला लागलेलं. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, ते बंद झालं. नवरा गेला आणि जी मंडळी हेच घर होती, तेही मोडलं. मैत्रिणींनो, या ठिकाणी मी नेहमी थांबते. कारण आपल्या गावांतून कितीतरी बायकांचं आयुष्य नेमकं याच जागी थांबलेलं मी पाहिलं आहे. नवरा गेला की कुंकू जातं, बांगड्या जातात, हे सगळ्यांना दिसतं. पण त्याबरोबर बाईची माणसंही जातात, ते कुणी मोजत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावणं येत नाही. डोहाळजेवणाला, बारशाला ती स्वतःच मागे राहते. "उगीच कशाला कुणाला वाईट वाटायला?" असं म्हणून घरातच बसते. पाच-दहा वर्षांत तिला बोलवायची लोकांची सवय मोडते, आणि जायची तिची. मग सत्तरीला ती एकटी पडली की आपण म्हणतो, "त्यांचा स्वभावच तसा, माणसांत मिसळत नाहीत."

यात बदल होतोय, हे खरं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं आता नको, असं एका गावानं एकत्र बसून ठरवलं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे हेरवाडचा आदर्श ठेवला. ठराव झाला हे उत्तमच. पण ठरावानं बांगड्या राहतील. बोलावणं मात्र आपणच द्यायचं असतं, दाराशी जाऊन.

झोहराआपा घरात बसल्या नाहीत. आधी दिल्लीला गेल्या, तिथं नव्यानं निघालेल्या नाट्य अकादमीची जबाबदारी घेतली. मग नाटकाच्या अभ्यासाची शिष्यवृत्ती मिळवून १९६२ मध्ये लंडन गाठलं. वय पन्नास. आपल्याकडे या वयात "आता माझं काय राहिलंय, पोरांचं मार्गी लागलं की झालं" असं म्हणायची रीत. यांनी परक्या देशात नृत्याच्या वर्गात शिकवायला सुरुवात केली आणि दूरचित्रवाणीवर लहानसहान भूमिका मागून घेतल्या. पडेल ते काम, मिळेल ती भूमिका. अशी वीस वर्षं गेली. मग १९८४ मध्ये 'द ज्वेल इन द क्राउन' ही मालिका आली. त्यातल्या लेडी चॅटर्जींच्या भूमिकेनं सगळ्या इंग्लंडला त्यांचं नाव कळलं. वय बहात्तरीला टेकलेलं. बरं का, बहात्तर!

दरम्यान आणखी एक गोष्ट घडली होती. १९८३ मध्ये उदय शंकर यांच्या स्मरणार्थ पंडित रविशंकर यांनी एक कार्यक्रम केला. रविशंकर म्हणजे उदय शंकरांचे धाकटे भाऊ, त्या जुन्या नृत्यचमूतले सोबती. त्या कार्यक्रमात झोहराआपांनी उर्दू कविता म्हणून दाखवल्या आणि लोक खुळे झाले. मग ठिकठिकाणांहून बोलावणी येऊ लागली. नाचणारे पाय थकले होते, पण शब्द थकले नव्हते. ना पडदा, ना साजशृंगार. एक बाई खुर्चीत बसून हातवारे करत कविता म्हणते आणि समोर बसलेली नातवंडांच्या वयाची पोरं टाळ्या वाजवतात. हफीज जालंधरींची तारुण्यावरची नज्म हा त्यांचा हुकमी एक्का. नव्वदी ओलांडलेल्या म्हातारीनं 'अजून मी तरुण आहे' अशा अर्थाची कविता ठसक्यात म्हणायची आणि सभागृहानं डोक्यावर घ्यायचं, हे वर्षानुवर्षं चाललं.

आता त्या धाकट्या बहिणीबद्दल सांगायलाच हवं. उझरा लग्नानंतर पुढे १९६० च्या दशकात पाकिस्तानात गेली. एका आईच्या पोटच्या, एका रंगमंचावर वाढलेल्या दोघी बहिणी; मध्ये सरहद्द. आपल्याकडे बहीण दोन तालुके पलीकडे दिली तरी भाऊबीजेला डोळे वाटेला लागतात. इथं तर व्हिसा, चौकश्या आणि दोन देशांचं भांडण. १९९३ मध्ये लाहोरच्या अजोका या नाट्यसंस्थेनं 'एक थी नानी' हे नाटक केलं, ते या दोघींना घेऊनच. फाळणीनं ताटातूट झालेल्या दोन बहिणींची गोष्ट, आणि रंगमंचावर सख्ख्या बहिणी! झोहराआपा एक्क्याऐंशीच्या, उझरा शहात्तरची. पूर्वी जिच्या नायिकेमागे थोरली दुय्यम भूमिका करायची, तिच्याच शेजारी ती आता बरोबरीनं उभी होती. तरुणपणी झालेल्या तुलना मनात धरून बसली असती, तर हा दिवस दिसला असता का?

१९९० च्या दशकात त्या भारतात परतल्या, दिल्लीत मुलीजवळ राहू लागल्या. मुलगी किरण सेहगल ही नावाजलेली ओडिसी नर्तकी. आणि मग हिंदी सिनेमाला जणू नवी आजीच मिळाली. 'दिल से' १९९८ चा, 'हम दिल दे चुके सनम' १९९९ चा, 'वीर-झारा' २००४ चा. २००७ मध्ये 'सांवरिया'त त्यांनी रणबीर कपूरच्या घरमालकिणीची भूमिका केली. रणबीर म्हणजे पृथ्वीराज कपूर यांचा पणतू. पणजोबांबरोबर काम केलेली बाई पणतूच्या पहिल्या सिनेमात त्याचे लाड करत होती! पंच्याण्णवाव्या वर्षी आपल्या ओळखीचं माणूस उरत नाही, सगळे आपल्या आधी जातात, असं म्हातारी माणसं म्हणतात. खरं आहे ते. त्यावर झोहराआपांचा उपाय सोपा होता. जुनी माणसं गेली, तर त्यांच्या पोरांशी, नातवंडांशी मैत्री करायची.

अमिताभ त्यांना 'शंभर वर्षांचं मूल' म्हणत. मुलाखतीला आलेल्या पोरांना त्या स्वतःच हसवायच्या. आता मी म्हातारी नि कुरूप दिसते, पण तरुणपणी बघायला हवं होतं, तेव्हा मी तरुण नि कुरूप होते, असं काहीसं म्हणायच्या आणि समोरच्याची पंचाईत करायच्या. पण या हसण्यामागे शिस्त होती. रोजचा व्यायाम चुकवायचा नाही. पाठ कविता रोज मोठ्यानं म्हणायच्या, म्हणजे आवाज राहतो आणि आठवणही राहते. कुणी येणार असलं की नीटनेटकं तयार होऊन बसायचं. आपण मात्र "आता मला कोण बघतंय?" म्हणून जुन्या गाऊनवर दिवस काढतो. येणाऱ्या माणसासाठी केस विंचरून बसणं हाही त्याचा मान राखणंच आहे, हे त्यांच्याकडून शिकावं.

सगळं गोडच होतं असं नाही. पायऱ्या चढणं-उतरणं होईना, तेव्हा कलाकारांसाठीच्या कोट्यातून तळमजल्यावरचं सरकारी घर मिळावं अशी त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही, असं त्यांच्या निधनानंतर वर्तमानपत्रांतून आलं होतं. २०१० मध्ये पद्मविभूषण मिळालं, आणि त्याच वर्षी ३१ मे रोजी उझरा लाहोरला गेली. एकीकडे देशाचा एवढा मोठा सन्मान, दुसरीकडे पाठच्या बहिणीची बातमी. म्हातारपण असंच असतं. एका हातात पेढा आणि दुसऱ्या हातात तार.

'वीर-झारा'मधल्या बेबेची शेवटची इच्छा काय होती, आठवतं? आपल्या अस्थी सरहद्दीपलीकडे, आपल्या माणसांच्या मातीत नेऊन सोडाव्यात. सिनेमाची सगळी कथा त्या कलशावरून सुरू होते. खऱ्या झोहराआपांनी मात्र लेकीला बजावून ठेवलं होतं की, विजेच्या दाहिनीत न्या, कसलेही धार्मिक विधी नकोत, आणि अस्थी सांभाळत बसू नका. कुणी स्वीकारल्या नाहीत, तर मोरीतून वाहून टाका, असंही त्यांनी खास त्यांच्या पद्धतीनं म्हणून ठेवलं होतं. ऐकायला धक्का बसतो. आपल्यातल्या बहुतेकींना हे पटणारही नाही, आणि पटावं असंही मी म्हणत नाही. पण मला त्यातून एक कळतं. जी बाई जिवंतपणी माणसांत पुरेपूर वाटली गेली, तिला मागं काही राखून ठेवायची गरज वाटली नाही.

आता आपलं बघू. आपण काही ड्रेस्डेनला जाणार नाही, अमिताभची आईही होणार नाही. पण उत्तरायुष्यातली माणसं आजपासूनच जमवावी लागतात, एवढं तरी आपल्या हातात आहे. साठी आल्यावर अचानक गोतावळा मिळत नाही. भजनी मंडळ, बचत गट, वाचनालय, शिवणाचा वर्ग, शाळेतल्या मैत्रिणी, काहीही असो, चाळिशीतच एक तरी घराबाहेरचं ठिकाण आपलं असू द्या. तिथं पेटी वाजवायला मिळाली नाही, तर टाळ वाजवा. पण उठून येऊ नका. आपल्याहून वीस वर्षांनी लहान अशा एका तरी मुलीशी मैत्री ठेवा आणि तिला उपदेश कमी करा. पाठ असलेल्या ओव्या, आरत्या, कविता, जे काही असेल ते रोज मोठ्यानं म्हणा. आणि कुणाशी बोलणं तुटलेलं असेल, मग ती बहीण असो, जाऊ असो वा नणंद, तर आधी आपणच फोन करा. झोहराआपांना मध्ये दोन देश होते. आपल्याला बहुधा एक अंगणच ओलांडायचं असतं.

आणि घरात आजी असेल, तर आज तिला गोळीचं विचारून झाल्यावर दोन मिनिटं बसा. एखादं जुनं गाणं म्हणायला सांगा. आधी ती "मला नाही येत आता" म्हणेल. थोडा आग्रह करा. मग बघा, किती कडवी पाठ आहेत ते!